कोअर वाढले, मग वेग का घटला?

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. बंगळुरूला असताना आमची फोटो लहान करून देणारी एक सेवा धीमी पडायला लागली. १६ कोअरचा सर्व्हर काढून ६४ कोअरचा घेऊ, हा हट्ट माझाच. घेतला. आणि गर्दीच्या वेळी सेवा आणखी रखडली! साहेबांनी काही न बोलता बिल माझ्यापुढे सरकवलं.

दोन दिवस मी आमचाच कोड वाचत बसलो. बघायला हवी होती लिनक्सच्या 'प्रॉक' फोल्डरमधली 'इंटरप्ट्स' ही फाइल. तिच्यात 'टीएलबी शूटडाउन्स' अशी ओळ असते. आमच्याकडे तिचे आकडे बिघडलेल्या रिक्षा मीटरसारखे पळत होते.

प्रोग्रामला दिसणारा मेमरीचा पत्ता खरा नसतो. खरा पत्ता पेज टेबलमध्ये असतो. दरवेळी तिथे जाणं महागात पडतं, म्हणून प्रत्येक कोअर अलीकडे लागलेले पत्ते स्वतःच्या छोट्या वहीत टिपून ठेवतो. ती वही म्हणजे टीएलबी. गोम अशी की, इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर पेज टेबल बदललं तरी या वह्या आपोआप सुधारत नाहीत. कर्नेलला इतर कोअरना इंटरप्ट पाठवून 'ती नोंद खोडा' असं सांगावं लागतं आणि सगळ्यांकडून 'खोडली' असं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. समोरच्या कोअरलाही हातातलं काम टाकून उठावं लागतं.

थांबायचं कशाला? कारण ते पान तेवढ्यात दुसऱ्या प्रोग्रामला दिलं आणि कुणाच्या वहीत जुना पत्ता राहिला, तर तो कोअर परक्याच्या घरात बिनदिक्कत लिहून येईल. त्यापेक्षा उशीर परवडला.

हा निरोप फक्त त्या प्रोसेसचे थ्रेड जिथे चालू आहेत, अशा कोअरना जातो. आमची प्रोसेस एकच, थ्रेड ६४. प्रत्येक फोटोसाठी कोड कर्नेलकडून नवी मेमरी घ्यायचा आणि काम झालं की इमानदारीत परत करायचा. या शिस्तीचा मला अभिमान होता! एका फोटोची मेमरी परत करायची, तर ६३ जणांना उठवायचं.

आम्ही दोनच गोष्टी केल्या. मेमरी परत न करता पुढच्या फोटोला तीच वापरली. आणि एका प्रोसेसच्या चार करून प्रत्येकीला १६ कोअर बांधून दिले. रॅम थोडी जास्त अडकून राहते, ते मान्य.

आर्ममध्ये हा निरोप हार्डवेअरच सगळ्यांना देऊ शकतं. एएमडीच्या नव्या सर्व्हर चिपमध्येही तशी सूचना आहे आणि २०२५च्या लिनक्स ६.१५पासून कर्नेल ती वापरतो. पण जुनी यंत्रं आपल्याकडे बरीच वर्षं चालतात, त्यामुळे ती ओळ आधी बघा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा आकडे घ्या आणि वजाबाकी करा.

चला, प्रश्न घेऊ या. हैदराबादहून कुणीतरी हात वर केलाय.