रक्तदाबाची गोळी : घरी आल्यानंतर
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



२५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा जिन्यात भेट झाली की विचारायचो, "मुलगा कितवीत आहे?" आता लिफ्टमध्ये भेटलो की पहिला प्रश्न, "बीपी काय म्हणतंय?" म्हणून समितीने हाच विषय दिला असावा.

मी डॉक्टर नाही, बँकेतला माणूस. कोणतं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. त्यांनी लिहून दिलेली गोळी आपल्या घरी आली की पुढे तिचं काय होतं, तेवढ्यापुरतंच बोलतो.

आपल्या कट्ट्यावर सर्वात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "आता नॉर्मल आहे, म्हणून गोळी बंद केली." बँकेच्या भाषेत सांगतो. कर्जाचे हप्ते वेळेवर येतात म्हणून खातं नियमित दिसतं. त्याचा अर्थ कर्ज फिटलं असा होत नाही. १३०/८० हा आकडा बहुतेक वेळा गोळीमुळे आलेला असतो. हप्ता थांबवला की खातं बिघडतं, आणि इथे तर नोटीसही येत नाही. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळे यांचं नुकसान तो गुपचूप करत राहतो. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोनिडिन यांसारख्या गोळ्या एकदम बंद केल्या तर रक्तदाब उसळू शकतो, हृदयावर ताण येतो. वजन घटलं, चालणं वाढलं, तर डोस कमी होऊ शकतो. पण तो डॉक्टरांना विचारून.

गोळीने त्रास होत असेल तर तोही डॉक्टरांना सांगावा. अॅम्लोडिपिनने काहींचे पाय घोट्यापाशी सुजतात. रॅमिप्रिल, एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. आपण महिनाभर खोकल्याची बाटली पीत बसतो. अशा वेळी डॉक्टर दुसरी गोळी देऊ शकतात, कारण पर्याय आज भरपूर आहेत.

हे पर्याय नव्हते त्या काळाचीही आठवण ठेवावी. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब फार वाढलेला होता, आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या डॉक्टरांकडेही तो नीट खाली आणणारी गोळी नव्हती. पुढे १९४९ मध्ये आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण रुग्णांवर अभ्यासून 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला, आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. आपल्याला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट. मात्र अभिमानापोटी सर्पगंधेचं चूर्ण चालू गोळीसोबत आपल्या मनाने घेऊ नये. दोन्ही औषधं रक्तदाब उतरवणारी, आणि सर्पगंधेने काहींच्या मनावर उदासी येते.

आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्याच सोसायटीतल्या एका स्नेह्यांना रात्री दोनच्या सुमारास घेरी आली. वहिनी एकट्या, मुलगी परगावी. १०८ ला फोन केला. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "कोणती औषधं चालू आहेत?" वहिनींनी पिशवी पुढे केली. तिच्यात कापलेल्या स्ट्रिपांचे तुकडे. काहींवर नाव नाही, काहींवर तारीख नाही. त्यातल्या दोन गोळ्यांची नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण आत औषध एकच, टेल्मिसार्टन. एक नेहमीच्या डॉक्टरांची, दुसरी मधे इस्पितळातून घरी सोडताना लिहून दिलेली. दोन्ही चालू! दोन दिवसांत ते सुखरूप घरी आले. पण त्या रात्री वहिनींची जी अवस्था झाली, ती आपल्यापैकी कुणाच्याही घरी होऊ शकते. निम्म्या घरांत आपण दोघंच तर राहतो.

म्हणून स्ट्रिपवर कंपनीने दिलेल्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचावं. चष्मा लावून वाचावं. जनऔषधी केंद्रातून घेतलं तर तेच मूळ नाव समोर येतं. केमिस्टकडून शक्यतो पूर्ण स्ट्रिप घ्यावी. पाचच गोळ्या हव्या असतील तर नाव आणि मुदतीची तारीख असलेली बाजू मागून घ्यावी, आणि गोळ्या काढताना ती बाजू शेवटी राहू द्यावी. नावापुढे एक्सएल, एसआर किंवा ईआर असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी. ती चावू किंवा कुटू नये, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडूही नये.

दुसऱ्या औषधांशी होणारी भांडणंही लक्षात ठेवा. गुडघ्यासाठी आपण सर्रास आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतो. त्यांनी रक्तदाब वाढतो, आणि बीपीच्या काही गोळ्यांसोबत मूत्रपिंडावर भार पडतो. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या अनेक गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असतं, तेही रक्तदाब चढवतं. 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल घेणाऱ्यांनी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ते विचारूनच वापरावं. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहताना रक्तदाब घसरतो. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावं, मग पाय टाकावा. लघवी वाढवणारी गोळी चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

एखादी गोळी विसरली तर डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तेव्हा आठवेल तशी घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्यावी. दोन एकदम कधीही घेऊ नयेत. आणि 'माझी घे, मला लागू पडली' हा शेजारधर्म बंद करू या. वाटीभर साखर जरूर मागावी, गोळी मागू नये.

मोजण्याबद्दल थोडं. जिना चढून आल्या आल्या किंवा चहा पिता पिता मोजलेला आकडा खरा नसतो. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं, पाच मिनिटं पाठ टेकून बसावं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत, आणि तोंड बंद! मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. एका आकड्यावरून आपण डोस बदलू नये. १८०/१२० च्या वर आकडा आला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं असं काही असेल, तर वाट न पाहता १०८. तसं काही नसेल तर शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजावं. तरीही तेवढाच आला तर डॉक्टरांना लगेच फोन करावा.

शेवटी समितीला एक विनंती. रौप्यमहोत्सवाची भेटवस्तू म्हणून प्रत्येक फ्लॅटला एक जाड कार्ड द्यावं. त्यावर सभासदाचं नाव, औषधांची मूळ नावं, डोस आणि वेळ, अॅलर्जी, डॉक्टरांचा आणि मुलांचा फोन. कार्ड फ्रिजच्या दारावर लावायचं, सर्वांनी एकाच जागी, म्हणजे मदतीला धावून आलेल्या शेजाऱ्याला शोधावं लागणार नाही. औषध बदललं की त्याच दिवशी कार्ड बदलायचं. लिहायला ज्यांना अडचण वाटते, त्यांनी आपली पिशवी घेऊन रविवारी सकाळी दहा ते बारा सोसायटीच्या ऑफिसात यावं. मी चष्मा आणि पेन घेऊन बसलेला असेन. लिहून झालेलं कार्ड मात्र पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवून तपासून घ्यायचं.