मेंढरं लपत नाहीत

लांबून आलात, कितीजण तर पायी आलात. पाय दुखत असतील, म्हणून आज लांबण लावत नाही. एकच कथा सांगतो.

कथा पवित्र शास्त्रातली. शमुवेलाचं पहिलं पुस्तक, अध्याय १५. इस्राएलाचा पहिला राजा शौल. उंचापुरा, देखणा, देवानं निवडलेला. शमुवेल संदेष्ट्यानं त्याला देवाची आज्ञा सांगितली : अमालेक्यांवर चालून जा आणि त्यांचं काही म्हणजे काही राखू नको. माणूस नाही, जनावर नाही. आज्ञा फार कठोर. ऐकताना अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. मोठमोठे शास्त्री या आज्ञेपाशी अडखळले, तिथं माझी काय कथा? आज आपल्याला बघायचंय ते शौलाचं बोलणं. आज्ञा मोडल्यावर माणूस कसा बोलतो, ते.

शौल गेला, लढाई जिंकला. पण त्यांच्या राजाला, अगागाला, जिवंत ठेवलं. आणि चांगली चांगली मेंढरं, पुष्ट बैल, कोकरं राखली. जे टाकाऊ होतं तेवढं मारलं. बघा हं भाविकहो, टाकाऊ ते आज्ञेच्या वाट्याला आणि उत्तम ते आपल्या वाट्याला!

वर कर्मेलास जाऊन स्वतःचं स्मारक उभं केलं. इकडे शमुवेल म्हातारा रात्रभर देवापुढे आक्रोश करतोय. सकाळी उठून निघाला. गिलगालास शौल हसतमुखानं सामोरा आला. आशीर्वाद दिला आणि म्हणाला की देवाची आज्ञा पुरी केली. एवढं बोलतोय न बोलतोय तोच मागून आवाज : बें... बें...

शमुवेलानं पंचनामा केला नाही, साक्षीदार बोलावला नाही. एवढंच विचारलं की मग माझ्या कानावर येतंय ते काय?

आता शौलाचं उत्तर नीट ऐका. मेंढरं कोणी राखली? लोकांनी. कशासाठी राखली? देवाला अर्पण करायला. आणि बाकीचं? ते आम्ही नष्ट केलं ना! म्हणजे राखली ती 'लोकांनी' आणि मारली ती 'आम्ही'. चूक दुसऱ्याची, पुण्य आपलं. राजा गेला, पण हे बोलणं आपल्याकडे ठेवून गेला. सगळेच करतात. चांगल्या कामासाठी केलं. आणि एवढंसं तर आहे, त्याचं काय मोठं?

शमुवेलानं त्याला सांगितलं की देवाला होमबलीपेक्षा त्याचं ऐकणं अधिक प्रिय आहे. आज्ञा मोडून आणलेली मेंढरं वेदीवर चढवली तरी ती चोरीचीच.

(टाळांचा गजर)

तुम्ही म्हणाल, बुवा दुसऱ्याचं बरं सांगतात. तर मग माझंच सांगतो.

काही वर्षांमागे एका गावी कीर्तनाला गेलो होतो. एका भल्या माणसानं मला आपल्या जीपमधून नेलं आणि परत आणून सोडलं. पैसा घेतला नाही. निघताना मंडळीच्या पंचांनी विचारलं, "बुवा, गाडीभाडं किती झालं?" मी एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं सांगितलं. त्यांनी मोजून दिलं, मी खिशात घातलं. मनात म्हटलं, बिदागी तशी कमीच देतात. शिवाय पेटीचा भाता फाटलाय, त्यालाच लागतील, म्हणजे देवाच्याच कामाला. आणि त्या रात्री माझ्या कीर्तनाचा विषय कोणता होता? प्रामाणिकपणा!

घरी आलो. खिसा रिकामा करताना आमच्या मंडळींनी सहज विचारलं, "अहो, तुम्ही तर जीपनं गेला होता ना?"

झालं! बें... बें...

मी म्हणालो, "अगं, एवढ्याशाचं काय घेऊन बसलीस?" ती काही बोलली नाही. ताट वाढलं. पण घास उतरेना.

ते पैसे परत करायला मला दोन महिने लागले. रक्कम हलकी होती हो, पण 'मी खोटं बोललो' हे चार माणसांपुढे म्हणायचं फार जड होतं. शेवटी गेलो, बोललो. पंचांनी पैसे घेतले, पावती दिली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं.

शौलानंतरचा राजा दावीद. त्यानं तर घोर पाप केलं. उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवलं. उरीयाचं रक्त आणि शौलाची मेंढरं एका पारड्यात बसत नाहीत. पण नाथान संदेष्टा समोर उभा राहून बोलला तेव्हा दावीदानं सबब सांगितली नाही. देवाविरुद्ध पाप केलं, एवढंच कबूल केलं. शिक्षा भोगली, मूल गेलं, घरात कलह माजला, पण क्षमा मिळाली. पाप कबूल शौलानंही केलं बरं का, पण शेवटी. आणि लगेच म्हणाला, लोकांची भीती वाटली. आणि निदान वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राखा! त्याला पापापेक्षा अब्रूची काळजी.

मोठ्या पापाला सबब सापडत नाही, माणूस रडत देवाकडे धावतो. लहान पापाला सबब चटकन सापडते, म्हणून ते वर्षानुवर्षं घरात राहतं. देवाच्या क्षमेला तोटा नाही. पण जो म्हणतो माझं काही चुकलंच नाही, तो क्षमा कशाची घेणार?

क्रुसावर प्रभूच्या शेजारी एक गुन्हेगार टांगला होता. त्याच्याजवळ चोरी परत करायला वेळ नव्हता, अर्पण करायला मेंढरू नव्हतं. आपल्याला मिळतंय ते आपल्या कर्माचंच, एवढं तो मान्य करून गेला. त्याच दिवशी त्याला सुखलोक मिळाला. आपल्याला तर देवानं वेळही दिलाय. घरी पोचलात की बघा, कोणाचे पैसे राहिलेत, कुठलं माप कमी पडलंय, कोणाशी खोटं बोललोय. उद्याच जाऊन या.

हे प्रभो, आमच्या मागं जे ओरडतंय ते आम्हाला ऐकू येऊ दे, आणि सबब सांगण्याआधी आमची जीभ आवर. आमेन.

बोला, प्रभू येशू ख्रिस्ताचा जयजयकार असो!