सांधा दिसू द्या



कलाशिक्षकांच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मला मांडायचा मुद्दा एकच आहे. कागद, कापड, छायाचित्रे आणि रंग एकत्र आणून स्वप्नासारखे जग उभे करणारे कोलाज शाळेत ‘चिकटकाम’ या नावाखाली लहान वर्गांपुरते उरले आहे. मुलाने किती तुकडे नीट चिकटवले ते आपण पाहतो. पण या चित्राची कल्पकता दोन तुकड्यांच्या सांध्यात असते, आणि नेमके तेच शिकवायचे राहून जाते.

सांधा काय करतो, ते दोन उदाहरणांत पाहू. चित्रकार रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची छापचित्रे घरोघर पोहोचली, आणि काहींवर हौशी हातांनी जर, टिकल्या, कापड चिकटवले. पदर छापील, काठ मात्र खऱ्या जरीचा. देवी चित्रात राहते आणि तिचे वस्त्र आपल्या खोलीत येते. १९१२ मध्ये पिकासोने वेताची वीण छापलेले मेणकापड कॅनव्हासवर चिकटवले आणि भोवती खरा दोर लावला. चित्र आणि वस्तू यांची हद्द तिथेही पुसट झाली. तरी दोन्ही एकच म्हणणे चूक ठरेल. तसबीर सजवणाऱ्याला जर पदरात मिसळून जायला हवी होती; पिकासोला दोर उपराच दिसायला हवा होता. जोड लपवायचा नाही असे ठरले, की सजावटीचे कोलाज होते.

स्वप्नाची घडणही कोलाजसारखीच असते. माणसे ओळखीची, भेटतात मात्र भलत्या जागी. माक्स अर्न्स्टने १९३४ च्या आपल्या चित्रग्रंथात जुनी छापचित्रे कापून माणसांच्या धडांवर पक्ष्यांची डोकी बसवली. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी पान, घड्याळ अशा साध्या वस्तू नेहमीच्या नात्यांतून सोडवल्या आणि डिंकाशिवाय हाच परिणाम साधला. वस्तू ओळखीची, शेजार अनोळखी.

रेखाटन जमत नाही तो कात्री हाती घेतो, असा आक्षेप घेतात. पण चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७ मध्ये गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रे केली; ती जमली, कारण आयुष्यभराचे रेखाटन त्यांच्या बोटांत मुरले होते. दुसऱ्याचे चित्र कापणे ही चोरी, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. नव्या शेजाराने तुकड्याचा अर्थ बदलला नाही, तर ती उचलेगिरीच. आणि अर्थ बदलला तरी हयात छायाचित्रकाराची परवानगी घ्यावी, त्याचे नाव द्यावे. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो, हेही खरे. म्हणून आम्लरहित कागद निवडायला शिकवावे लागेल. सूत आणि रेशीम एकत्र विणून हिमरू कापड बनवणाऱ्या, संमेलनाच्या या शहराला साहित्याचा स्वभाव ओळखण्याचे महत्त्व सांगायला नको.

संगणक आज सांधा क्षणात पुसून देतो, मग सांध्याचा आग्रह कशाला, असेही विचारले जाईल. आग्रह त्यासाठीच. सांधा पुसला की काय कुठून आणले आणि कशाशेजारी ठेवले, हा निर्णयच पाहणाऱ्याला दिसेनासा होतो. म्हणून माझी सूचना साधी आहे: मुलाला तीनच तुकडे द्या, आणि ‘हा याच्याच शेजारी का?’ असे विचारा. गुण त्या उत्तराला द्या.