ग्रंथालयाच्या मेजामागील न मोजलेले श्रम

(ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील 'कम्युनिटी कॉलेज' म्हणजे अल्प शुल्कात दोन वर्षांचे शिक्षण देणारे सार्वजनिक महाविद्यालय. असे पहिले महाविद्यालय १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे निघाले. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. दिवसा राबून सायंकाळी शिकणारी कष्टकऱ्यांची, स्थलांतरितांची आणि कृष्णवर्णीयांची मुले मोठ्या प्रमाणावर येथेच येतात. साहजिकच ग्रंथालयाच्या मेजामागे त्यांना आपल्यासारखा चेहरा दिसत असेल, असे आपणांस वाटेल. परंतु अमेरिकेच्या लोकसंख्येत शंभरांत सुमारे तेरा असलेले कृष्णवर्णीय पदवीधर ग्रंथपालांत मात्र शंभरांत पाच-सहाच भरतात.

याचे मूळ पात्रतेत नसून संधीत आहे. ग्रंथपालाच्या पदासाठी खर्चिक पदव्युत्तर पदवी लागते. कृष्णवर्णीयांसाठी १९२५ साली हॅम्प्टन येथे निघालेले ग्रंथालयशास्त्राचे विद्यालय १९३९ मध्ये बंद पडले. १९४१ साली सुरू झालेल्या अटलांटा येथील विद्यालयालाही २००५ मध्ये टाळे लागले.

परिणामी अनेक महाविद्यालयांत कृष्णवर्णीय ग्रंथपाल एकटाच असतो, आणि या एकटेपणाची किंमत त्याच्या श्रमातून वसूल होते. मेजाशी आलेला माणूस त्यालाच विचारतो, "ग्रंथपाल कोठे आहेत?" हा अपमान किरकोळ वाटेल, वर्षानुवर्षे, दररोज सोसणाऱ्याला तो तसा वाटत नाही. निवड समितीत 'प्रतिनिधित्व' हवे, बोलवा त्यालाच! फेब्रुवारीतील कृष्णवर्णीय इतिहास महिन्याचे प्रदर्शन त्यानेच मांडायचे. घरभाड्यापासून फीपर्यंतच्या अडचणी घेऊन विद्यार्थी विश्वासाने त्याच्याकडे येतात, आणि तो त्यांना परत पाठवीत नाही. मात्र बढतीच्या वेळी या कामाला मूल्यमापनपत्रकात रकाना नसतो. त्यातून तो तासांवर नेमलेला असेल, तर समितीत बसलेले तास बहुधा फुकटच जातात.

फोबाझी एटार या कृष्णवर्णीय ग्रंथपाल-लेखिकेने २०१८ साली या प्रकारावर नेमके बोट ठेवले. ग्रंथालयसेवेला पवित्र व्रत ठरविले, की वेतन आणि कामाचे तास यांविषयी बोलणाराच अपराधी ठरतो. (आपल्याकडील ग्रंथालय सेवकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.)

या प्रश्नाला संघर्षाचा इतिहासही आहे. जॉर्जियातील सव्हाना स्टेट महाविद्यालयाचे ग्रंथपाल ई. जे. जोसी यांना त्यांच्या राज्याची ग्रंथालय संघटना वर्णामुळे सभासद करून घेत नव्हती. १९६४ साली अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या अधिवेशनात मिसिसिपीच्या संघटनेचा गौरव झाला. तीही वर्णभेद पाळणारी होती. जोसी संतापून उठले. अशा राज्य संघटनांच्या कार्यात असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांनी अधिकृतपणे भाग घेऊ नये, हा त्यांचा ठराव संमत झाला आणि पुढच्याच वर्षी जॉर्जियाचे दार उघडले. १९७० मध्ये त्यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय ग्रंथपालांची स्वतंत्र संघटना उभी राहिली.

आता वारे उलटे आहे. फ्लोरिडात २०२३ साली आणि टेक्सासमध्ये २०२४ च्या आरंभापासून सार्वजनिक महाविद्यालयांतील वांशिक समावेशनाच्या उपक्रमांवर कायद्याने बंधने आली. म्हणजे जे काम आजवर बिनमोल करून घेतले, त्याविषयीच आता संशय! मे २०२५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पहिल्या कृष्णवर्णीय प्रमुख कार्ला हेडन यांना एका ई-मेलने पदमुक्त करण्यात आले.

तरीही एक वाट मोकळी आहे. अनेक राज्यांत कम्युनिटी कॉलेजचे ग्रंथपाल प्राध्यापकांच्याच कामगार संघटनेत असतात. विद्यार्थ्यांना दिलेला आणि समित्यांत गेलेला वेळ कामाचे तास म्हणून वेतन करारात लिहून घेणे तेथे शक्य आहे. माझ्या मते कोणत्याही सदिच्छा-शिबिरापेक्षा ही मागणी अधिक मोलाची आहे; पण ती एकट्या कृष्णवर्णीय ग्रंथपालाने मांडायची, की त्याच्या शेजारी बसणाऱ्या गोऱ्या सहकाऱ्यांनीही, यावर तिचे भवितव्य अवलंबून राहील.