संकेतस्थळाचा आराखडा कोठे व्हावा?



शासनाचा एखादा विभाग नवे संकेतस्थळ उभारावयास निघाला की पहिली बैठक अधिकारी आणि संगणक कंपनी यांच्यात भरते. ज्याच्या नावाने हा खटाटोप चालतो, तो शेतकरी वा धरणग्रस्त त्या बैठकीस नसतो.

याची किंमत वारणाकाठाने पाहिली आहे. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प तेथे सुरू झाला. केंद्र व राज्य शासनाने खर्चाचा मोठा भार उचलला. पीकसल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे असे बरेच काही आराखड्यात होते. प्रत्यक्षात त्या केंद्रांवर मुख्यतः चालले ते साखर कारखान्याचे काम : ऊसतोडणीचा परवाना, उसाचे वजन, खताची मागणी. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधन शाखेने सात गावांत हेच काम साध्या मोबाइलवरील संदेशांनी करून दाखविले. शेतकऱ्याची यात चूक नव्हती. त्याला ज्याची गरज होती तेवढे त्याने घेतले. ती गरज आराखड्यापूर्वी विचारली गेली असती तर?

आता साताऱ्याकडे वळावे. कोयनेच्या पाण्याखाली पाटण-जावळीतील गावे गेली आणि माणसे सातारा-सांगलीपासून कोकणापर्यंत विखुरली. कोणाची किती जमीन गेली, पर्यायी किती मिळाली, वारस कोण, याची नोंद संकलन नोंदवहीत असते. पुनर्वसन विभागाच्या संकेतस्थळावर यावयाचे ते हेच. मंत्रिमहोदयांच्या छायाचित्राखाली योजनांची जंत्री छापून धरणग्रस्ताच्या तिसऱ्या पिढीचा एक हेलपाटाही वाचत नाही.

कायदा याच बाजूचा आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ सांगते की, नागरिकाला कमीत कमी अर्ज करावे लागतील इतकी माहिती शासनाने आपण होऊन द्यावी, तीही स्थानिक भाषेत आणि त्या भागात परिणामकारक ठरेल अशा मार्गाने. सूचनाफलक आणि जाहीर घोषणा हेही मार्ग कायद्याने इंटरनेटच्या पंक्तीस बसविले आहेत! राजस्थानात १९९४ पासून मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्यांत हजेरीपटांचे जाहीर वाचन केले. २०१९ साली तेथे जन सूचना पोर्टल सुरू झाले, तेव्हा कोणती माहिती कशी मांडावी याची चर्चा अशा संघटनांशी करूनच ते घडविले गेले.

सातारा-सांगलीत पुनर्वसनाचे संकेतस्थळ आखावयाचे असेल तर कार्यकर्त्यांनी पहिली बैठक पुनर्वसित गावठाणाच्या चावडीवर मागावी. नोंदी तेथे मोठ्याने वाचल्या जाव्यात. चुकलेले नाव, राहून गेलेली वारस मुलगी तेथेच लिहून घ्यावी आणि सांगणाऱ्याच्या हाती शिक्क्याची पोच पडावी. दुरुस्ती किती दिवसांत होणार आणि जबाबदार अधिकारी कोण, हे कंत्राट देण्यापूर्वी लेखी ठरले पाहिजे. पडद्याचा रंग कोणता असावा, हे कंपनीने खुशाल ठरवावे.