बेसूर आवाजाचा मोठा गवई
(उत्सवातील भाषणाचा मजकूर)



कर्नाटक संगीत म्हटले की आपल्यापुढे कपाळी गंध लावलेला, गंभीर चेहऱ्याचा गवई येतो. पण या मंडळींत हशाही भरपूर! चेन्नईच्या डिसेंबर महोत्सवात मृदंगाचे ‘तनि आवर्तन’ सुरू झाले, की अर्धे श्रोते कँटीनकडे निघतात, हा तेथला कायमचा विनोद. आपल्याकडे तबल्याचा सोलो आणि बटाटेवडा यांचे नाते असेच असल्याने आपण फार हसू नये.

बासरीवादक टी. आर. महालिंगम ऊर्फ माली (1926–1986) वाजवू लागले की दैवी. पण येतील का, आले तर कार्यक्रम पुरा करतील का, याचा भरवसा नसे. आयोजक आधीच देवाला नारळ बोलत असावेत!

मला सर्वांत आवडतात ते सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर (1908–2003). आवाज जात्याच खरखरीत आणि नाकातला. लहानपणी त्यांना गाणे सोडून व्हायोलिन शिकण्याचा सल्ला मिळाला होता. तरी ते गातच राहिले आणि 1947 साली, अवघ्या 39व्या वर्षी, मद्रास म्युझिक अकादमीचे ‘संगीत कलानिधी’ झाले.

त्यांना घडवणाऱ्या गुरूंपैकी एक होते गोट्टुवाद्यवादक सखाराम राव. नाव ऐकून कान टवकारले ना? ते राहत कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूरला. मालींचे गावही तेच. तंजावरला 1855 पर्यंत भोसल्यांचे राज्य होते, आणि 1798 साली गादीवरून दूर झालेले अमरसिंह राजे याच गावी येऊन राहिले होते. त्या मुलखात रुजलेल्या मराठी नावांपैकी हे एक.

सखाराम रावांनी पोराचा आवाज ऐकून त्याला परत धाडले नाही. ‘हा आपल्यातला नाही’ असेही म्हटले नाही.

मंडळी, आपणही झाशीत येऊन रुजलेली माणसे. म्हणून एक सूचना करतो. आपली बालगायन स्पर्धा केवळ मराठी घरांपुरती नको. शेजारचे बुंदेली मूल येऊ दे, तमिळ मूल येऊ दे. सूर हलला तर जरूर हसू, पण माईक काढून घ्यायचा नाही.

 गणपती बाप्पा मोरया!