खाटेचा कठडा



वर्धापनदिनाला दरवर्षी मी पुऱ्या लाटायला असते, बोलायला नसते. शिक्षणही सातवीपर्यंतच. पण कार्यवाहबाई म्हणाल्या, "सासूबाईंच्या खाटेची हकिकत सांगा," म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

२०२१ साली सासूबाई मोरीत घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशननंतर घरी आणण्यापूर्वी ह्यांनी भाड्याने लोखंडी खाट आणली, दोन्ही बाजूंना कठडे असलेली. मला केवढा धीर आला! गादी मात्र आमचीच कापसाची घातली, खाटेहून वीतभर अरुंद. "कठडा आहे ना, पडतील कुठे?" असे मीच म्हणाले.

चौथ्या रात्री बांगड्यांच्या आवाजाने जाग आली. पाहते तो गादी एका कडेला सरकलेली, फटीत सासूबाईंचा एक हात खांद्यापर्यंत गेलेला आणि मान कठड्याशी दाबलेली. ओरडायला आवाज फुटत नव्हता, म्हणून मोकळा हात लोखंडावर आपटीत होत्या. आम्ही दोघांनी गादी ओढून त्यांना सोडविले. मी गाढ झोपले असते तर, हा विचार अजून पाठ सोडीत नाही.

सकाळी विचारले, "आई, हाक का नाही मारलीत?" म्हणाल्या, "अगं, रात्रीतून तिसऱ्यांदा तुला कशी उठवू?" त्यांना लघवीला जायचे होते. कठडा लावला तरी लघवी का थांबते! हे मला आधी सुचायला हवे होते.

डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी संध्याकाळची लघवीची गोळी सकाळी द्यायला सांगितली. उशाशी घंटा ठेवली, रात्री मंद दिवा. आणि मीच दोनदा उठून विचारू लागले. एका शेजारणीने साडीने बांधून ठेवा म्हटले होते. तसे कोणी करू नका. बांधलेले माणूस सुटायला धडपडते आणि अधिकच अडकते. ज्यांना रात्री भ्रम होतो ते तर कठडा ओलांडू पाहतात आणि जास्त उंचीवरून पडतात. अशांना बुटकी खाट बरी.

मुलाने वाचून सांगितले की अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने २००६ साली इस्पितळाच्या खाटांसाठी माप दिले आहे: डोके जाईल अशी फट १२ सेंटिमीटरहून, म्हणजे पावणेपाच इंचांहून कमी हवी. गजांमधलीही आणि कठड्याखालचीही. गादी व कठडा यांमध्ये तर मी म्हणते फट नसावीच. गादीची कड हाताने दाबून मग पाहावे, कारण कापूस दबतो आणि फट रुंदावते. कठडा हलवून पाहावा, चाकांचे ब्रेक लावावेत. आम्ही पुढे खाटेच्या मापाची घट्ट गादी आणली, पायाकडची बाजू उघडी ठेवली, आणि डोक्याकडचा कठडा सासूबाई धरून उठायला वापरू लागल्या. कडेला बसल्यावर पाय जमिनीला टेकतील इतकीच खाट उंच ठेवली.

आणि हो, नातवंडाला त्या खाटेवर निजवू नका, तो कठडा लहानांसाठी नाही.

आमची खाट केव्हाच परत गेली. पण मापाची टेप पिशवीत आहे. ज्यांच्या घरी अशी खाट आहे त्यांनी चहानंतर मला भेटावे, मी येऊन पाहून देईन.